दुसऱ्या मजल्यावरची आई

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
४ मे

दिगू,

सुखरूप पोहोचले. गरिमा स्कूटी घेऊन स्टेशनवर आली होती. शेजारची पोर, पण सख्ख्या भाचीसारखी धावते. मोठी बॅग तिने पुढे पायांपाशी उभी केली, मी मागे, आणि मांडीवर तुझ्या जपानी बिस्किटांचा डबा. वाटेत म्हणाली, "काकू, एवढ्या लवकर कशा आलात? अभी तो हफ्ता बाकी था ना?" म्हटलं, घरची टाकी गळते आहे. तुलाही मी हेच सांगून निघाले. टाकी खरोखरच गळते, ते काही खोटं नाही. तुझे बाबा होते तेव्हापासून गळते, एवढंच.

पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. फोनवर तू "बोल आई" म्हणतोस आणि मागे तुझी बटणं टकटक वाजत असतात. मग जे बोलायचं ते राहतं आणि मी भाजी काय केली ते सांगत बसते. शाळेत जन्मभर पोरींची पत्रं तपासली, प्रिय मामांना आणि प्रिय मैत्रिणीला. आता स्वतः लिहून बघते. बाड्याच्या चौकातल्या पोस्टात नेऊन टाकीन, तेवढंच चालणं होईल. ऊन इतकं आहे की दहानंतर दाराबाहेर पाय ठेववत नाही. कूलरला वाळ्याची नवी खस लावली आहे.

तुझं घर आवडलं. लहान आहे, पण सगळं जागच्या जागी. एवढं चांगलं वरण तू करतोस हे मला माहीतच नव्हतं.

म्युझियमही आवडलं. आपला दिगू अशा ठिकाणी काम करतो, हे डोळ्यांनी पाहिलं. दारातला तो छत्र्यांचा स्टँड, एकेका छत्रीला वेगळं कुलूप! इथे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. जपानी सरदारांची चिलखतं पाहिली. लोखंडी मुखवट्यांना खऱ्या केसांच्या मिशा लावल्यात. तुझे बाबा असते तर त्यांच्यापुढे तासभर उभे राहिले असते. आणि तो सोन्याच्या वर्खाचा घडीचा पडदा, त्यावरचे सारस अगदी आपल्या भिंडच्या वाटेवरच्या शेतांत उभे असतात तसे, एक पाय उचलून. शाळेची पोरं पिवळ्या टोप्या घालून जमिनीवर बसली होती आणि चित्रं काढत होती. एकही आवाज नाही. मला माझा चौथीचा वर्ग आठवला आणि हसू आलं.

वरचे मजले राहून गेले. पाय दुखत होते, तुला म्हटलंच होतं.

माझ्यामुळे तुला तिकडे काही त्रास नाही ना झाला? म्हणजे ऑफिसात वगैरे. कुणी काही बोललं असेल तर कळव. मनात ठेवू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस.

आई


१८ मे

दिगू,

तुझा मेसेज वाचला. "पत्र मिळालं, ऑफिसात सगळं ठीक, का विचारतेस?" बरं. उगीच विचारलं. म्हातारपणी असं होतं, काहीतरी डोक्यात बसतं.

इथे एक झालं, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सरोजिनीताई आठवतात ना, आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, गॅदरिंगला तुझ्या ओठांवर काजळाची मिशी काढायच्या त्या. मी आल्याचं कळताच दारात हजर. "विजयाबाई, या महिन्याचा कार्यक्रम तुमचा. 'माझा जपान प्रवास'. नाही म्हणायचं नाही." मी पुष्कळ टाळलं. म्हटलं, मी दोनच ठिकाणं पाहिली, सांगण्यासारखं काही नाही. तर म्हणतात, "मुलगा एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये आहे, आणि सांगण्यासारखं नाही?"

मग गेले. हॉलमध्ये दोन कूलर घरघरत होते, माइकवर ओरडूनच बोलावं लागलं. छत्र्यांचं सांगितलं, बायका खूप हसल्या. चिलखतांचं सांगितलं. त्यांच्याकडे सरस्वती आहे, तिच्या हातात वीणेसारखं वाद्य असतं आणि ती लोकांना अजून प्रसन्न होते, तेही सांगितलं. ठीक चाललं होतं. मग पुढच्या रांगेतून सरोजिनीताई म्हणाल्या, "अहो, पण दिग्विजयचं सांगा ना! तिथल्या मोठ्या लोकांना भेटवलं असेल ना तुम्हाला?"

तिथे मी जरा वाढवून सांगितलं. म्हणजे तुमचे मोठे साहेब मला भेटले, असं सांगितलं. फार काही नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कचोऱ्या आणि बेलाचं सरबत होतं, मी घेतलं नाही, पोट बरं नव्हतं.

गरिमाने मोबाइलवर घेतलं आहे. तिला म्हटलंय, कुणाला पाठवू नकोस.

तुला राग येण्यासारखं काही नाही त्यात. सगळ्या आया मुलांबद्दल थोडं वाढवूनच सांगतात.

आई


१ जून

दिगू,

तू फोन करतोस आणि मी उचलत नाही. फोन समोर पलंगावर वाजत असतो, त्यावर तुझा फोटो येतो, तो शाळेच्या ब्लेझरमधला, आणि मी तो बंद होईपर्यंत बघत बसते. उचलला तर काय बोलू?

गरिमाने तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणाच्या नणंदेकडे पुण्याला गेला, तिथून आणखी कुठे. कुणीतरी त्यावर हिंदीत लिहिलं, "ग्वालियर की माँ को जापान का सलाम". मी गरिमाला रागावले तर तिचे डोळे भरून आले. "काकू, मैंने तो प्राउड होके डाला था. दिगूदादाला पण पाठवला, त्यांना किती बरं वाटेल म्हणून." तिला काय बोलणार?

आणि त्याच संध्याकाळी तुझा मेसेज आला. एकच ओळ. "आई, तुला दिसलं होतं का?"

हो रे. दिसलं होतं.

मागच्या पत्रात तुला मी लिहिलं की जरा वाढवून सांगितलं. काय सांगितलं ते लिहिलं नव्हतं. मी भर हॉलमध्ये सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर तू मोठमोठ्या पाहुण्यांना मूर्ती दाखवत होतास, तेव्हा तुमच्या पांढऱ्या केसांच्या साहेबांनी माझ्याकडे हात केला आणि तुला विचारलं, या बाई कोण? आणि माझा दिगू सगळ्यांसमोर म्हणाला, ही माझी आई. मग सगळे माझ्यासमोर कमरेत वाकले. हे सांगताना मी पदर डोळ्यांना लावला. व्हिडिओत दिसतंच. लोकांना वाटलं, आनंदाने.

मी तर पायऱ्या चढलेच नव्हते ना, तुझ्या हिशोबाने. मग साहेबांनी हात केला हे मला कुठून कळणार? तू व्हिडिओ पाहिलास आणि तुला समजलं. माझं खोटंच तुझ्याकडे जाऊन खरं सांगून आलं.

आता सगळं लिहिते. एकदाच लिहिते.

तू मला खाली बाकावर बसवून गेलास. "आई, तीनपर्यंत इथेच बस हं, वर आज साहेबांचे खास पाहुणे आहेत." मी बसले. खालचं सगळं पाहून झालं होतं. पाय मुळीच दुखत नव्हते. मला तुला काम करताना बघायचं होतं, बस. लहानपणी तू शाळेच्या नाटकात असायचास तेव्हा मी विंगेत उभी राहून बघायची ना, तसं. लांबून बघायचं आणि गुपचूप खाली यायचं, असं ठरवून गेले.

वर अंधारं होतं. चिनी घोडे, कंबोडियाचे ते हसरे दगडी चेहरे, आणि कोपऱ्यात खुर्चीवर मांड्यांवर शाल पांघरून बसलेली एक पहारेकरीण. मला बघून तिने मान लववली. पुढच्या दालनात तुझा आवाज ऐकू येत होता. जपानी बोलताना तुझा आवाज वेगळाच लागतो, जरा पातळ. मी त्या आवाजाच्या मागे गेले. आणि वळणावर ती बसली होती.

दगडाची बाई, मांडीवर मूल. नाक तुटलेलं, एक हात नाही. मुलाने तिच्या गळ्यातली माळ मुठीत धरलेली. खाली इंग्रजीत पाटी होती, त्यातलं मला एवढंच वाचता आलं, मध्य प्रदेश. दिगू, तुला सांगू, इतके दिवस त्या देशात माझ्याशी तुझ्याखेरीज कुणी बोललं नव्हतं. आणि इथे आपल्याकडची बाई बसली होती, लेकराला घेऊन, परक्या गावात. मी विचार केलाच नाही. हात पुढे गेला, त्या मुलाच्या पायाला लागला आणि कपाळाला लागला. देवळात जातो तसा.

पुढे तुला माहीत आहे. बारीक पी-पी वाजायला लागलं. पहारेकरीण शाल टाकून धावली. आणि तुम्ही सगळे वळून पाहायला लागलात, सुटातली ती माणसं, मोत्यांच्या माळा घातलेल्या त्या दोघी, आणि मध्ये तू. तिथे साडीतली मी एकटी आणि हिंदुस्तानी चेहऱ्याचा तू एकटा. साहेब विचारणारच. त्यांनी पंजा उघडून माझ्याकडे दाखवलं आणि तुला काहीतरी विचारलं. भाषा कळायची गरज नव्हती.

तू नाकासमोर हात हलवलास. माशी हाकलल्यासारखा. पहिल्याच दिवशी दुकानात तूच मला शिकवलं होतंस, आई, इथे नाही म्हणायचं असलं की असा हात करतात.

मग तू पाठ फिरवलीस आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेलास.

मला बाजूच्या एका खोलीत नेलं. कुणी ओरडलं नाही, हात धरला नाही. एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी चहा दिला, मोबाइलमध्ये जपानी बोलल्या आणि मोबाइल हिंदीत बोलला, "क्या आपके साथ परिवार का कोई है?" मीही नाकासमोर हात हलवला. मग मोबाइल म्हणाला, "अकेली?" मी मान डोलावली. त्यांनी मूर्तीला हात का लावायचा नाही ते समजावलं, मी ऐकलं, हात जोडले. खाली येऊन त्याच बाकावर बसले.

तुझं काम बिघडू नये म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही.

तू आलास, म्हणालास, "कंटाळलीस का आई?" मी नाही म्हटलं. तू विचारलंस, "वर गेली होतीस?" मी म्हटलं, "नाही रे, इथेच बसले होते." तू माझ्याकडे क्षणभर बघितलंस आणि "बरं" म्हणालास. तुझा तो "बरं" मी विमानात सगळी वाट ऐकत आले.

मला लाज वाटते, दिगू. हात लावला त्याची वाटते. आधी वाटायचं, फक्त त्याचीच. एवढी शिकलेली, मुलींना सहलीला नेऊन "हात लावू नका गं" सांगणारी बाई मी. नंतर वाटायला लागलं, साडी नको होती नेसायला, अंबाडा नको होता, तुझ्या घरात इतका हिंग नको होता घालायला. रोज काहीतरी नवं सापडतं. आणि आता हे मंडळातलं. टाळ्या घेतल्या मी त्याच्यावर.

आता फोन करू नकोस. मला बोलता येणार नाही.

आई


१० जून

दिगू,

गरिमाचा फोन माझ्या हातात द्यायला लावून तू मला फसवलंस. ती धावत आली, "काकू, दादा आहेत लाइनवर, रो रहे हैं," आणि मी घाबरून कानाला लावला. नाहीतर लावला नसता.

बरं झालं लावला.

तू बोललास ते मी मनात परत परत म्हणते आहे, नीट ऐकलं की नाही म्हणून. तू साहेबांच्या खोलीत गेलास आणि त्यांना सांगितलंस की ती बाई माझी आई होती आणि मी तुमच्यासमोर खोटं बोललो. मी विचारलं, काय म्हणाले? तू म्हणालास, "बसायला सांगितलं. मग म्हणाले, तुमच्या आईंना त्या दिवशी चहा तरी नीट मिळाला होता का?" मिळाला होता, हे त्यांना सांग. आणि पुढच्या वेळेपासून साहेब पाहुण्यांबरोबर तुझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवणार म्हणालास, ते ऐकून मला वाईट वाटलं. तू म्हणतोस, चालेल. चालेल तर चालेल.

पण मग तू म्हणालास, "आता तू मंडळात सांग आई. मी काय केलं ते सांग. नाव घेऊन सांग, मला सुटल्यासारखं वाटेल." त्यावर मी फोन ठेवला. तुला सुटल्यासारखं वाटावं म्हणून मी चार बायकांत तुझी अब्रू काढू? तुला लाज वाटते ना, वाटू दे. ती तुझी आहे, ती उतरवायला माझं तोंड वापरू नकोस.

पण माझी लाज तर माझी होती. तिचं काहीतरी करायला हवं होतं. शनिवारी मंडळाची बैठक होती, उन्हाळी शिबिराचा विषय होता. तो संपल्यावर मी उठले आणि माइक मागितला. सरोजिनीताईंना वाटलं, जपानचं काही राहिलं असेल. हसत दिला.

मी म्हटलं, "मागच्या वेळी मी साहेबांचं जे सांगितलं, ते खोटं होतं. मला कुणी भेटलं नाही. मी तिथल्या मूर्तीला हात लावला, यंत्र वाजलं, आणि मला एका खोलीत नेऊन बसवलं. कुणी माझ्यापुढे वाकलं नाही. मी तुम्हा सगळ्यांकडून खोट्याच्या टाळ्या घेतल्या. मला माफ करा."

मागे कुणीतरी हसलं, तोंडावर पदर घेऊन. सरोजिनीताई उठून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो विजयाबाई, स्मरणिकेत छापून झालंय हो! फोटोसकट!" मला त्या क्षणीसुद्धा हसू येता येता राहिलं. कुसुमताई, सराफ्यातल्या, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "काय झालं? आणि दिगू कुठे होता तेव्हा?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नाही म्हणून सांगता आलं असतं. तो खाली होता, तो सुट्टीवर होता, काहीही. माझ्या तोंडात तयार होतं, इतकी सवय झाली होती.

मी म्हटलं, "तो तिथेच होता."

एवढंच म्हटलं. कुणी पुढे विचारलं नाही. कुसुमताईंनीही नाही, त्यांनी शेजारणीला "काय म्हणाल्या?" विचारलं, शेजारणीने कानात सांगितलं, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सरोजिनीताईंनी शिबिराच्या वर्गणीचा विषय काढला. मी शेवटपर्यंत बसले. मध्येच उठून जाणं बरोबर दिसलं नसतं.

नई सडकवरून पायी आले. दोन दुकानांत ओळखीच्या बायका दिसल्या, त्यांनी हाक मारली नाही. किंवा मारली असेल, मीच पाहिलं नाही.

गरिमाने व्हिडिओ काढून टाकला, पण तो कुठून कुठून परत येतो म्हणते. येऊ दे.

आई


१९ जून

दिगू,

काल आपण बोललो, इतक्या दिवसांनी नीट बोललो. तुझा आवाज तुझाच होता. तू दिवाळीला येतो म्हणालास, मी "ये" म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. तू माफी मागितलीस, मी "असू दे" म्हटलं. तेही मनापासून होतं, पण सगळंच्या सगळं नाही. थोडा राग अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल, त्याचं तू काही करू शकत नाहीस आणि मीही नाही.

पण फोन ठेवताना तू म्हणालास, "आई, त्या खोलीतसुद्धा तू माझं नाव घेतलं नाहीस. मी तुला नाही म्हटलं आणि तू मला वाचवलंस. किती मोठी आहेस तू." आणि मी गप्प राहिले. गप्प राहून तेही घेतलं, टाळ्या घेतल्या तसं. रात्री झोप आली नाही. सकाळी उठून आधी चहासुद्धा केला नाही, हे लिहायला बसले.

तुझं काम बिघडू नये म्हणून नाव घेतलं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. ते मला नंतर सुचलं. खाली बाकावर बसल्यावर. दिसायला चांगलं होतं म्हणून ते मी पुढे केलं, तुझ्यापुढे आणि स्वतःपुढेही.

खोलीत काय झालं ते असं. त्या बाई फार चांगल्या होत्या. मी खुर्चीवर होते आणि त्या माझ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, कारण पहिलाच घोट मी साडीवर सांडला होता आणि आता त्यांनी चहाचा पेला खालून धरला होता. त्यांच्या गळ्यात दोरीला चष्मा होता. परिवार का कोई है, असं मोबाइल म्हणाला तेव्हा तुझं नाव माझ्या ओठांवर आलेलं होतं. दिग्विजय मोहिते. एवढंच म्हणायचं होतं. आणि मग मला दिसलं की आता या उठतील, तुला बोलावतील, तू दारात येशील. आणि यांना कळेल की बाहेर जो माणूस नाही म्हणून पाठ फिरवून गेला, तो हिचा मुलगा. ज्यांनी माझा पेला धरला होता, त्यांना हे कळणार होतं.

मला लाज वाटली, दिगू. माझी नाही. तुझी.

तू माझा आहेस हे मला त्या बाईंना सांगवेना. म्हणून मी हात हलवला. तुला वाचवायला नाही. तू ज्यासाठी हलवलास, त्यासाठीच मी हलवला.

तेव्हा तू एकटाच दोषी आहेस असं समजून दिवाळीपर्यंत कुढत बसू नकोस. आणि मला मोठी म्हणू नकोस, ते मला सोसत नाही.

हे वाचून तुला वाईट वाटेल. रागही येईल कदाचित, आईने असं लिहावं का म्हणून. येऊ दे. दोन-चार दिवस बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी काही वावगं समजणार नाही.

मग फोन कर. मी उचलीन.

आई